तेंदूपत्त्याच्या बोदांना बुरशी: काय वाचेल, काय टाकावं लागेल आणि पुढच्या हंगामात काय सांभाळायचं

प्रश्न गडचिरोली जिल्ह्यातल्या कोरची भागातल्या एका ग्रामसभेचा आहे. यंदा त्यांनी बिडीची ही पानं ठेकेदाराला न देता स्वतः गोळा केली, वाळवली, बोद (म्हणजे पानांची मोठी पोती) भरले. जूनमध्ये भाव मनासारखा आला नाही, म्हणून माल समाजमंदिरात ठेवला. जुलैच्या अखेरीस वरचे काही बोद उघडले तर पुड्यांवर (पानांच्या बांधलेल्या जुड्यांवर) पांढरी, कुठे हिरवट बुरशी आणि कोंदट वास. विचारणाऱ्या भावाला तीन गोष्टी हव्या आहेत: वाळवून माल विकता येईल का, कपाशीवर मारतो ते बुरशीनाशक फवारलं तर चालेल का, आणि समाजमंदिर ओलसर होतं म्हणून हे झालं का.

भाऊ, आधी फवारणीचं सांगतो, कारण ती थांबवणं आज सगळ्यात गरजेचं आहे. काहीही फवारू नका. कपाशीचं औषध नको, मोरचूद नको, ब्लीचिंग पावडरचं पाणी नको, गंधकाची धुरीही नको. हे पान पुढे बिडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवरच्या सुपात दिवसभर असतं. ती ते भिजवते, कात्रीने कापते, बोटांनी दुमडते. मग ते कुणाच्या तरी ओठांत जातं आणि जळतं. कपाशीच्या झाडावर ज्याला परवानगी आहे, ते जाळून छातीत घ्यायला कुणीही परवानगी दिलेली नाही. आणि नुसत्या मालाच्या हिशोबाने पाहिलं तरी फवारा म्हणजे पुन्हा पाणीच. ज्या पाण्यामुळे बुरशी आली तेच तुम्ही बोदात आणखी घालणार. मीठ भुरभुरण्याचा सल्लाही कुणी देईल. मीठ पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून घेतं, तेव्हा तेही नाही.

आता समाजमंदिराचं. त्याचा दोष थोडाफार असू शकतो. पण गोदामं सांभाळताना मी पाहत आलो ते असं, की जुलैत दिसणारी बुरशी पुष्कळदा मे महिन्यातच बोदात भरली गेलेली असते. बुरशीचं बी कुठून येतं हे शोधण्यात अर्थ नाही. ते मातीत आहे, हवेत आहे, जंगलातून तोडलेल्या प्रत्येक पानावर आहे. त्याला उगवायला लागतो ओलावा. पानांच्या फटींमधली हवा साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रतेच्या वर गेली आणि तशीच राहिली की ते उगवतं, आणि आपल्याकडची पावसाळ्यातली ऊब त्याला अगदी मानवते. मे महिन्यात हा प्रश्नच नसतो. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, दुपारची हवा इतकी कोरडी की पान हातात घेतलं तर चुरा होतो. मग ओल आली कुठून?

ती आपणच घालतो. वाळलेलं पान तसंच बोदात कोंबलं तर फाटतं, म्हणून भरण्याच्या आदल्या संध्याकाळी पुड्यांवर पाणी मारतात, पोती झाकून रात्रभर मुरू देतात आणि सकाळी नरम झालेले पुडे भरतात. ही पद्धत बरोबर आहे, तिच्याशिवाय भरता येत नाही. बिघडतं ते पाणी किती मारलं आणि नंतर ते काढलं की नाही, यावर. फळीवर, म्हणजे पानं गोळा करून वाळवायच्या जागेवर, शेवटच्या दिवसांत घाई असते. ट्रक उभा असतो, आभाळ भरून आलेलं असतं, मजुरांना पेरणीसाठी घरी जायचं असतं. मग बादलीने पाणी ओतलं जातं, आणि भरलेला बोद उन्हात न घालता थेट गोदामात जातो. त्या बोदाच्या पोटातलं पाणी बाहेर निघायला वाटच नसते. बाहेरून पोतं कोरडं लागतं, महिनाभर कुणाला काही कळत नाही, आणि मृग सरून आर्द्रा लागल्या की वास सुटतो.

तुमच्याकडे नेमकं हेच झालं का, ते इथून सांगता येणार नाही. पण बुरशी कुठे बसली आहे ते पाहिलं तर पाणी कुठून आलं ते कळतं. म्हणून काहीही हलवण्याआधी थप्पी आहे तशी नीट पाहून घ्या. फक्त खालच्या थरातले बोद खराब असतील तर फरशीची ओल आहे. भिंतीकडची बाजू तेवढीच काळवंडली असेल तर भिंत पाझरते आहे. वरच्या बोदांवर पट्ट्यांसारखे किंवा थेंबांसारखे डाग असतील तर छप्पर गळतं आहे, किंवा टिनाचं छप्पर असेल तर रात्री त्याला आतून घाम येऊन तो टपकतो आहे. सगळ्या बोदांची नुसती वरची साल, म्हणजे पोत्याला लागून असलेले पुडे, सारखेच बुरशीले असतील तर दारं-खिडक्या पावसात उघड्या राहिल्या आणि ओली हवा आत येत राहिली. आणि बोद बाहेरून चांगला, पण मधले पुडे पांढरे, हे जर वर-खाली सगळीकडे सारखं असेल, तर ते पाणी मे महिन्यातलंच आहे. तुम्ही फक्त वरचे बोद उघडल्याचं लिहिलं आहे. खालचे आणि मधले उघडल्याशिवाय निकाल काढू नका.

सगळे बोद फोडत बसायची गरज नाही. हातभर लांबीची लोखंडी सळई घ्या, बोदाच्या मध्यापर्यंत खुपसा, पाव तास राहू द्या, मग काढून लगेच तळहातात धरा. सळई गार आणि कोरडी असेल तर तो बोद बाजूला ठेवा, त्याची घाई नाही. कोमट लागली तर आत बुरशी जिवंत आहे, कारण ती वाढताना ऊब सोडते. सळईला दमट वास आला किंवा ती ओलसर लागली तर तो बोद आजच उघडा. अशी सळई लावून प्रत्येक बोदावर खडूने खूण करा, म्हणजे कोणत्या क्रमाने काम करायचं ते ठरतं. गरम बोद थप्पीत तसाच ठेवला तर शेजारच्या बोदांनाही ओल देतो.

उघडण्याचं काम समाजमंदिराच्या आत करू नका. बाहेर, मांडवाखाली, वाऱ्याची दिशा पाहून बसा. नाका-तोंडावर चांगला मास्क लावा, तो नसेल तर निदान ओला दुपट्टा घट्ट बांधा. दमा असलेल्यांना, लेकरांना आणि गरोदर बायांना या कामावर घेऊ नका. बुरशीची ती पूड छातीत गेली की खोकला दिवसचे दिवस जात नाही. काम झालं की अंगावरचे कपडे धुवायला टाका.

आता पुडा हातात घ्या. बुरशी बहुतेक वेळा पहिल्यांदा गाठीपाशी दिसते, जिथे वाक (पुडा बांधायची सालीची दोरी) घट्ट आवळलेला असतो आणि देठ एकावर एक दाबलेले असतात. तिथे हवा खेळत नाही, आणि देठ पानापेक्षा उशिरा वाळतो. वाक सोडा आणि मधली पानं काढून बघा. वर नुसती धूळ असेल तर ती झटकल्यावर जाते आणि पान एकसारखं दिसतं. बुरशी गोल ठिपक्यांनी पसरते, जवळून पाहिलं तर बारीक कापसासारखी तंतू-तंतू दिसते आणि पुसल्यावर खाली फिकट किंवा काळा डाग सोडते. मग पान बोटाभोवती गुंडाळून पाहा. थोडं दमट असलेलं चांगलं पान न फाटता वळतं. बुरशीने खाल्लेलं पान शिरेपासून सुटतं, त्याला भोकं पडतात, काळपट झालेला भाग ओल्या कागदासारखा तुटतो. असं पान कितीही वाळवलं तरी त्याची बिडी वळली जात नाही.

यावरून तीन ढीग करा. पहिला, ज्याला काहीच लागलेलं नाही. दुसरा, ज्यात वरवर पांढरं आहे, पण पानाचा रंग आणि चिवटपणा शाबूत आहे. तिसरा, काळा किंवा हिरवा पडलेला, वास मारणारा, फाटणारा. तिसरा ढीग सोडून द्या. मन होत नाही, हे मला माहीत आहे. उन्हात वाकून वाकून तोडलेलं पान आहे ते. पण तो चांगल्यात मिसळला तर सगळ्या मालाचा भाव घेऊन बुडतो, आणि पुढच्या वर्षी तोच व्यापारी तुमच्या ग्रामसभेचं नाव ऐकून मागे सरतो. तो माल गोदामापासून लांब खड्ड्यात टाकून शेणमातीने झाका, खत होईल. गुरांना घालू नका.

दुसऱ्या ढिगाचे पुडे सोडून, पानं कोरड्या कापडाने किंवा मऊ ब्रशने बाहेर वाऱ्यात झटकायची आणि वाळवायची. वाळवल्याने बुरशी थांबते, पण तिचं बी मरत नाही. म्हणजे हाच माल पुन्हा दमट झाला की ती पुन्हा येईल, आणि आधीपेक्षा लवकर. म्हणून हा ढीग वेगळा बांधा, वेगळा ठेवा, आणि दिवाळीची वाट न पाहता लवकरात लवकर विका. विकताना व्यापाऱ्याला बोद उघडून दाखवा, काय झालं होतं ते सांगा आणि कमी भावात द्या. लपवलेली बुरशी त्याच्या कारखान्यात पान भिजवताना पहिल्याच दिवशी दिसते.

ऑगस्टमध्ये वाळवायचं कसं, हा खरा कठीण भाग आहे, आणि तो तुमच्याकडे उघाड किती पडते यावर अवलंबून आहे. सलग दोन-तीन दिवस उघाड मिळाली तर दुपारी ११ ते ४ या वेळात ताडपत्रीवर पातळ पसरा. जमिनीवर थेट नको, ओली माती खालून वाफ देते. चारच्या सुमारास गोळा करा, सूर्य मावळेपर्यंत थांबू नका, कारण संध्याकाळची हवा पुन्हा ओल भरते. पान थंड होऊ द्या आणि मगच बांधा. गरम पान लगेच कोंबलं तर आतल्या आत वाफ धरतं. उघाड मिळालीच नाही तर छपराखाली बांबूच्या ताट्यांवर पसरून पंखे लावा. हे काम हळू होतं, पण बुरशीची वाढ अडते. शेगडी किंवा भट्टी लावून वाळवायचा विचार करू नका. कोरडा तेंदूपत्ता कसा पेटतो ते तुम्हाला सांगायला नको.

साठवणीच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. परदेशी सिगार जपून ठेवणारे लोक पेटीतली आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास राखतात, कारण सिगार कोरडी पडली तर तिची साल तडकते आणि चव जाते. त्यांना बुरशीच्या उंबरठ्यावरच राहावं लागतं, म्हणून ते सतत मीटर बघत बसतात. आपलं पान कारखान्यात भिजवूनच वापरतात. ते साठवणीत कितीही कोरडं राहिलं तरी बिघडत नाही, फक्त बोद आपटायचा नाही. तेव्हा शंका असेल तिथे नेहमी कोरड्याच्या बाजूने जा. दमट पान ‘नरम आहे, छान आहे’ म्हणून कौतुक करणारे असतात. नरम पान भरताना चांगलं. साठवताना ते धोक्याचं आहे.

खिडक्यांबद्दल पुष्कळ गैरसमज आहे. ‘हवा खेळू द्या’ म्हणून लोक पावसाळाभर सगळं उघडं ठेवतात. जुलै-ऑगस्टच्या सकाळी आपल्या भागात बाहेरची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. ती हवा आत घेऊन माल वाळणार कसा? बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हाच उघडायचं, म्हणजे उन्हाच्या दुपारी. पाऊस, सकाळ आणि रात्र, या वेळी बंद. अंदाजावर चालायचं नसेल तर आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर काही शे रुपयांत मिळतो. तो खरा दाखवतो का हे घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबभर पाण्याने त्याचा गाळ करा (विरघळू देऊ नका), मीटरसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ च्या आसपास आकडा दिसायला हवा. ७० दाखवला तर तुमचा मीटर ५ ने कमी दाखवतो, एवढं लक्षात ठेवायचं. मीटर थप्पीच्या मध्ये, दोन बोदांच्या फटीत ठेवा. दाराजवळच्या खिळ्यावर टांगलेला मीटर दाराजवळचीच हवा सांगतो.

थप्पी लावायची ती जमिनीवर कधीच नाही. विटांवर बल्ल्या टाकून वीतभर उंच, खाली प्लॅस्टिकचा कागद, भिंतीपासून माणूस आडवा शिरेल एवढी जागा सोडून. समाजमंदिराची फरशी नवी असेल तर पहिलं वर्षभर तिच्यातून पाणी निघत राहतं, म्हणून नव्या इमारतीवर भरवसा ठेवू नका. कवेलूचं छप्पर असेल तर मे महिन्यातच कवेलू फेरून घ्या. टिनाचं असेल तर टिनाखाली कापडाचं छत बांधा, म्हणजे घाम त्याच्यावर पडेल. थप्पीवर ताडपत्री अंगाला लागेल अशी टाकू नका, तिच्या आतल्या बाजूला पाणी धरतं. भरायला तागाचंच पोतं वापरा. खताच्या प्लॅस्टिक पिशव्या फुकट मिळतात म्हणून त्यांत भरलेला माल मी ठेवून घेत नाही, त्यांत पान कोंडतं. दर पंधरा दिवसांनी वरचे बोद खाली, खालचे वर करा आणि प्रत्येक वेळी सळई लावा. उधईकडेही (वाळवीकडेही) त्याच वेळी लक्ष जातं.

पण पुढच्या हंगामात मी तुमच्या जागी असतो तर सगळी ताकद फळीवर लावली असती. वनहक्क कायद्याने २००६ मध्ये तेंदूपत्त्यासारख्या गौण वनोपजावर गावाची मालकी मान्य केली. मालकीसोबत साठवणीची जबाबदारीही गावावर आली, आणि ते ज्ञान आजवर ठेकेदाराच्या मुन्शीकडे होतं. ते ग्रामसभेतल्या चार-पाच जणांनी, विशेषतः पुडे बांधणाऱ्या आणि उलटवणाऱ्या बायांनी, हाती घ्यायला हवं.

वाळवण पूर्ण झाली की नाही हे पानाच्या पात्यावरून ठरवू नका. पातं दोन-तीन दिवसांत कुरकुरीत होतं, देठ आणि मधली शीर मागे राहते. पुड्याच्या मधलं पान काढा, देठ वाकवा. कट्कन तुटला पाहिजे. वाकला तर अजून उन्हात. एकदा उलटवलेला पुडा पुरेसा वाळला असं समजू नका. अवकाळी पाऊस पडला तर भिजलेले पुडे वेगळ्या रांगेत मांडा आणि पुन्हा पहिल्यापासून वाळवा. त्यांवर काळे डाग राहतीलच, त्यांना चांगल्या मालात ढकलू नका.

पाणी मारायचं ते झारीने, उंचावरून, संध्याकाळी. बादलीने नाही. सकाळी भरण्याआधी पुडा मुठीत दाबून पाहा: पान तडकू नये, आणि मूठ उघडल्यावर तळहात ओला लागू नये. तळहात ओला लागला तर तो ढीग तासभर सावलीत मोकळा करा. भरलेले बोद शिवून झाल्यावर दोन दिवस उन्हात आडवे ठेवायचे, एकदा या कुशीवर, एकदा त्या. मारलेलं पाणी या दोन दिवसांत निघून जातं. आभाळ आलं म्हणून हे दोन दिवस वाचवले की जुलैत तुम्ही आज पाहताय तेच दिसतं.

आभाळाचा भरवसा नसेल तर माझा एक हिशोब आहे. उन्हात ठेवलेल्या बोदातून दहा पुडे काढून तराजूवर तोलायचे, सोडून दिवसभर कडक उन्हात पसरायचे, संध्याकाळी पुन्हा तोलायचे. किलोमागे ७०-८० ग्रॅमपेक्षा जास्त घट आली तर तो बोद गोदामात जायला तयार नाही. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा यासाठी पुरतो.

आणि प्रत्येक बोदावर फळीचं नाव, भरल्याची तारीख आणि पाणी मारणाऱ्याचं नाव रंगाने लिहा. महाराष्ट्रात पुडा ७० पानांचा आणि गोणी १००० पुड्यांची, हा हिशोब सगळे चोख लिहून ठेवतात, पण भरल्याची तारीख क्वचितच कुणी लिहितं. तारीख असली की पाऊस कधी पडला, त्या दिवशी कोणते बोद भरले, आणि बुरशी नेमकी त्यांतच आहे का, हे जागेवर कळतं. यंदाच्या बोदांवर तारखा नसतील तर निदान फळीनिहाय वेगळे करून बघा. सळईची पाहणी झाली की छप्पर कशाचं आहे आणि खालच्या थरात काय निघालं ते लिहा, म्हणजे उरलेला माल कुठे हलवायचा ते ठरवता येईल.